जांबखेडच्या विहिरीतलं तेल

वर्ध्याला जाऊन आलो असं सांगितलं की पुण्यातला माणूस पहिला प्रश्न विचारतो, आश्रम पाहिला का. पाहिला. सेवाग्रामला गेलो, कुडाच्या भिंती पाहिल्या, झाडाखाली बसलो आणि तिथल्या शांततेत मला चांगली डुलकी लागली. पण आश्रमावर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि त्यातले बहुतेक तिथे जागे राहिलेले असतात. मी लिहिणार आहे जांबखेडबद्दल. तिथे तेल निघालं होतं.

मी गेलो त्या हिवाळ्याच्या थोडं आधी गुजरातेत खंबायतेकडे खनिज तेल लागल्याची बातमी पेपरात झळकली होती. खंबायत आणि वर्धा ही दोन्ही ठिकाणं तेव्हा एकाच मुंबई राज्यात होती. पुण्यात आम्ही ही गोष्ट फारशी मनावर घेतली नव्हती. जांबखेडनं घेतली होती.

वर्धा

माझी थोरली बहीण कुसुमताई वर्ध्याला असते. तिचे यजमान वसंतराव बांधकाम खात्यात ओव्हरसिअर आहेत. मूळचे नागपूरचे, दिलदार माणूस, पण कुठलीही गोष्ट आहे तेवढीच सांगणं त्यांना कमीपणाचं वाटतं. मी पुण्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर आहे. मुलांनी फोडलेल्या काचनळ्या गोळा करणं हे माझं मुख्य काम. वसंतरावांनी स्टेशनवरच एका ओळखीच्या माणसाला मी पुण्याचा प्रोफेसर असल्याचं सांगितलं. घरी पोचेपर्यंत मी मोठा प्रोफेसर झालो होतो. दुसऱ्या दिवशी जेवायला बसताना कळलं की मी तेलाचा प्रोफेसर आहे आणि जांबखेडचे पाटील माझी वाट पाहत आहेत.

"मी तेलाबद्दल काय सांगणार?" मी म्हटलं. "फोडणीपलीकडे माझा आणि तेलाचा संबंध नाही."

"रसायन ते रसायन," वसंतराव म्हणाले. "बाटलीत भरायचं, हलवायचं, उजेडात धरायचं. गाव थांबून राह्यलं तुमच्यासाठी. शिकलेल्या माणसानं एकदा हो म्हणावं, एवढंच पाह्यजे त्यायले."

ताईने पाटोडीचा रस्सा केला होता. पुण्यात असताना ती आमटीत गूळ घालायची. वर्ध्यात संसार झाल्यावर तिच्या हातातला गूळ गेला आणि तिथे लसूण आणि लाल तिखट आलं. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. बहिणीच्या भेटीने मला गहिवरून आलंय असं वसंतरावांना वाटलं आणि त्यांनी आणखी रस्सा वाढायला लावला.

वर्ध्यात त्या दिवसांत हवेतसुद्धा कापूस असतो. जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाने भरलेल्या बैलगाड्यांची, म्हणजे तिकडच्या भाषेत बंड्यांची, रांग लागलेली असते. कापूस रस्त्यावर पडतो, केसांत बसतो, चहाच्या कपात उतरतो. पहिल्या दिवशी मी तो बोटाने काढून टाकत होतो. दुसऱ्या दिवसापासून तसाच पिऊ लागलो.

वडनेरच्या पुढे

वडनेरपर्यंत मोटारीने गेलो. त्या प्रवासाबद्दल एवढंच सांगतो की पोचलो. तिथून पुढे जांबखेडच्या पाटलांनी बंडी पाठवली होती. बंडीवाल्याचं नाव गोमाजी. पन्नाशीचा माणूस, डोक्याला मोठं मुंडासं, आणि बैलांशी जितकं बोलतो तितकंच माणसांशी बोलावं असा त्याचा नेम दिसला.

घाटमाथ्यावरच्या माणसाला नजरेच्या टोकाला एखादा डोंगर लागतो. इथे तो नाही. काळी जमीन, कापूस, मधेच तुरीची ओळ, पुन्हा कापूस. नजर जाते जाते आणि आपणहून थकते. एक गोष्ट मात्र मला खटकली. कापूस फुटून पांढराफेक झाला होता आणि रानात वेचायला माणूस नव्हता.

"वेचणी झाली नाही का अजून?" मी विचारलं.

"कोन वेचन?" गोमाजी म्हणाला. "सारे विहिरीवर बसून राह्यले. माह्या वावरातला कापूस बी बोंडातच उभा हाय. तुमी तेल पाहाले आले ना जी? मंग पाहून घ्या लवकर."

"तुम्हाला वाटतं, तेल निघेल म्हणून?"

"निघालं ना जी. निघन काय? खंबायत आपल्याच राज्यात हाय का नाई?"

"आहे."

"सरकार एक, मंत्री एक. मंग जमीन काऊन अलग असन?"

मी इतकी वर्षं शास्त्राच्या खात्यात नोकरी केली, पण याचं उत्तर मला गाव येईपर्यंत सापडलं नाही. वसंतराव मागे गवतावर झोपले होते. त्यांना विचारून उपयोगही नव्हता.

जांबखेड

गावाच्या तोंडाशीच एक हॉटेल लागलं. पाटीवर लिहिलं होतं, 'खंबायत हॉटेल, चहा व आलुबोंडा'. मालक दिवाळीपर्यंत गावचा न्हावी होता. दाढी आताही करायचा, पण चहाच्या गिऱ्हाइकांतून वेळ मिळाला तर. त्यामुळे जांबखेडातले पुरुष मला जरा ऋषीमुनींसारखे दिसले. हॉटेलशेजारी हिंगणघाटहून आलेला एक शिंपी मशीन मांडून बसला होता. पूर्वी गावात परका माणूस आला की कुत्री भुंकत असत. आता माणसं इतकी येत होती की कुत्र्यांनी तो नाद सोडला होता.

पाटलांचा एक पुतण्या तिरळा होता आणि त्याचं लग्न जुळत नव्हतं. तेल निघाल्यापासून दोन गावच्या मुलींचे बाप त्याला पाहून गेले होते आणि दोघांनाही त्याची नजर तेज वाटली होती. गावाबाहेर एक पड जमीन होती, जिथे पिढ्यान्‌पिढ्या मेलेली जनावरं टाकली जात. ती कुणाची हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. आता तिला चार वारस होते आणि ते एकमेकांशी बोलत नव्हते.

या सगळ्याचं मूळ असलेली विहीर बौद्धवाड्यात होती. इथे थोडं मागचं सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर बौद्धवाड्याने मेलेली गुरं ओढण्याचं काम सोडून दिलं. गावाने त्याचा राग धरला. गावाची चांगली, गोड्या पाण्याची विहीर मारुतीच्या पारापाशी आहे. तिच्यावर बौद्धवाड्यातल्या माणसाने कधीही पाणी भरलेलं नव्हतं, आणि आता तर ते शक्यच नव्हतं. तसा याविरुद्ध कायदा झाला होता. तो वर्ध्यापर्यंत पोचलाही होता. पुढे यायला त्याला बहुधा बंडी मिळाली नसावी.

दिवाळीच्या सुमारास कौसल्याबाई थूल नावाच्या बाईंनी सकाळी बौद्धवाड्यातल्या त्या विहिरीतून घागर काढली, तर पाण्यावर तवंग. घरी नेताना पाणी हिंदकळलं, चुलीशी शिंतोडा उडाला आणि भपकन पेटला. ज्या विहिरीकडे गाव कधी फिरकलं नव्हतं तिच्याभोवती दुपारपर्यंत उभं राहायला जागा उरली नाही.

पहिला प्रश्न धर्माचा होता. तो पारावर लगेच सुटला. पाण्याला विटाळ असतो, तेलाला नसतो, असा निकाल लागला. निकाल काही नवा नाही. आमच्या पुण्यातही तळलेलं बाहेरचं चालतं अशी घरं आहेत जिथे भात चालत नाही. अडचण एवढीच होती की तेल पाण्यावर बसलेलं. बादली सोडली की पाणी येणार आणि पाण्याबरोबर विटाळही येणार.

त्यावर गावाने काढलेला उपाय मी डोळ्यांनी पाहिला, म्हणून लिहितो. बोंडातून नुकताच वेचलेला, सरकी न काढलेला कापूस पाणी लवकर घेत नाही. तेल मात्र पिऊन घेतो. अशा कापसाचं सैल गाठोडं दोराला बांधायचं, पाण्यावर अलगद टेकवायचं, थोडं फिरवायचं आणि वर ओढून डब्यात पिळायचं. डब्यात तेल पडतं, पाण्याचा थेंब येत नाही. विटाळ विहिरीतच राहतो. आमच्या प्रयोगशाळेत तेल आणि पाणी वेगळं करताना मुलं अर्धं फरशीवर सांडतात. मी थक्क होऊन पाहत राहिलो, आणि तेवढ्यात वर येणारं एक भिजलेलं गाठोडं दोरातून निसटून माझ्या मांडीवर आदळलं. त्यानंतर जांबखेडात असेपर्यंत माझ्याजवळ कुणी विडी पेटवली नाही.

दुसरा प्रश्न कौसल्याबाईंनी काढला होता. गाव डबे घेऊन आलं तेव्हा त्या विहिरीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, तेल न्या, पण आमी पेवाव काय? आमचं पानी त नासलं. पाटलांनी तोड काढली की पारावरच्या विहिरीचं पाणी गावातली माणसं काढतील आणि बौद्धवाड्यातल्या बायकांच्या घागरीत वरून ओततील. कौसल्याबाई म्हणाल्या, चालेल. मग आमचीही माणसं तेल काढतील आणि तुमच्या डब्यात वरून ओततील, तुम्ही तिकडे बाभळीखाली उभे राहा. गाव विचारात पडलं. तेवढ्यात शेजारच्या गावची माणसं डबे घेऊन येताना दिसली आणि विचार आटोपता घ्यावा लागला. ठरलं ते असं, की गावाने बौद्धवाड्यातल्या विहिरीवर तेल भरायचं, बौद्धवाड्याने पारावरच्या विहिरीवर पाणी भरायचं, दोघांनी आपापल्या हाताने.

कायद्याला जे जमलं नव्हतं ते रॉकेलनं केलं. मला हे ऐकून मनापासून आनंद झाला. लगेच धसकाही बसला, कारण तोपर्यंत मी त्या तेलाची बाटली नाकाला लावली होती.

जमिनीतून निघणारं तेल काळं, घट्ट आणि उग्र असतं. ते मोठ्या कारखान्यात तापवून त्यातून रॉकेल वेगळं काढावं लागतं. जांबखेडच्या बाटलीतलं तेल स्वच्छ होतं, पातळ होतं, आणि त्याचा वास आमच्या घरच्या कंदिलाचा होता. जमिनीतून तयार रॉकेल निघणं म्हणजे कपाशीच्या झाडाला शिवलेला सदरा लागण्यासारखं आहे. हे तेल कुठल्यातरी डब्यातून झिरपत होतं. त्यासाठी प्रोफेसर असायचीही गरज नव्हती, डेमॉन्स्ट्रेटर पुरेसा होता.

रात्री पाटलांकडे जेवण होतं. पुंडलिक पाटील हे उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे, तुपात बुडवून, आणि सोबत वांग्याची भाजी. असं जेवण पुण्यात मिळत नाही आणि मिळालं तर पचत नाही. फक्त प्रत्येक पदार्थाला किंचित रॉकेलचा वास होता. गावात सगळ्यांच्याच हातांना तो लागलेला होता, आणि माझ्या धोतराला तर विचारायलाच नको.

"उद्या पारावर सांगून टाका मास्तर," पाटील म्हणाले. "साऱ्यायच्या समोर. सरकारी मानूस कवा येईन तवा येईन. तुमी हो म्हनलं का आमाले धीर येते."

पंक्तीला गावचे किराणा दुकानदार भिकमचंद शेठ होते. मारवाडी गृहस्थ, तीन पिढ्या जांबखेडातच. त्यांनी मला दोनदा आग्रह करून तूप वाढलं, पुण्यातल्या थंडीची चौकशी केली, माझ्या आईचा दमा विचारला. तेलाबद्दल अवाक्षर काढलं नाही. सबंध गावात तेवढा एकच माणूस मला भेटला ज्याला तेलाबद्दल काही विचारायचं नव्हतं.

पारावर

सकाळी वसंतराव उठायच्या आत मी बौद्धवाड्याकडे गेलो. पारावर जाऊन जे सांगायचं ते आधी कौसल्याबाईंना सांगावं असं मला वाटलं. त्या पन्नाशीच्या पुढच्या असतील. काटक बांधा, लुगडं घट्ट कसलेलं. अंगण शेणाने सारवलेलं होतं आणि आत भिंतीवर भगवान बुद्धाची तसबीर होती. तसबिरीखाली एक तरुण बाई अवघडून बसून तांदूळ निवडत होती. ती त्यांची सून. तिला सातवा महिना होता.

मी काही बोलायच्या आत कौसल्याबाईंनी चहा ठेवला. गुळाचा, बिनदुधाचा. मग समोर बसल्या आणि म्हणाल्या, "कायचं तेल हाय मास्तर?"

"दुकानातलं," मी म्हटलं. "डब्यातलं. कुठून तरी झिरपतंय."

त्यांनी मान हलवली, मी पाऊसपाण्याबद्दल काही बोललो असावं तशी.

"शेठचं हाय," त्या म्हणाल्या. "लढाईच्या टायमाले कंट्रोल होता ना, तवा राकेल भेटेच नाई. शेठनं गोदामाच्या भुईत डबे गाडले. खड्डा माह्या मालकानं खोदला. शेठ म्हने कोनाले सांगू नोको. त्यायनं नाई सांगतलं. मरतानी मले सांगतलं."

गोदाम कुठे आहे हे विचारायला नको होतं. दारातून दिसत होतं. विहिरीच्या वरच्या अंगाला, चढावर, पडक्या भिंतींचं.

"मंग कंट्रोल उठला. पन काढाले जावाव त लोक म्हनतीन इतके डबे आले कोठून. राह्यले तसेच. आता सडले असन."

"म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे?"

"वास आला तवाच."

"मग गावाला सांगितलं का नाही?"

"गाव मले विचाराले आलतं का जी? गाव डबे घेऊन आलतं."

मी चहा प्यालो. चहा चांगला होता, आणि तो पारावरच्या विहिरीच्या पाण्याचा होता. कौसल्याबाईंनी सुनेकडे हात केला.

"इच्याकडं पाहा. आमच्या विहिरीचं पानी आता ढोरं बी तोंडाले लावत नाई. नाल्याचं पानी होळीपावतर टिकन का नाई, माहीत नाई. तुमी आज पारावर म्हनसान का हे दुकानातलं तेल हाय. सांजच्याले ती विहीर आमाले बंद. मंग हे पोरगी पेईन काय?"

इथे खरं लिहितो. खोटं बोलायची माझी पूर्ण तयारी झाली. जांबखेडच्या खाली तेलाचा समुद्र आहे असं मी पारावर उभं राहून सांगितलं असतं, आणि त्याची मला लाज वाटली नसती. मी तसं म्हणालोही.

"नाई," कौसल्याबाई म्हणाल्या. "खोटं नोका बोलू. उद्या सरकारी मानूस येऊन खरं बोलला, त गाव म्हनन का या लोकायनं पुन्याचा मास्तर फितवला. मंग त बोलाचीच सोय नाई. तुमी खरंच सांगा. पुरं सांगा. शेठचं नाव तेवढं घेऊ नोका, तो मले कामी येईन. बाकी मी पाहीन."

दुपारी पारावर सभा भरली. गाव बसलं होतं. बौद्धवाडाही आला होता आणि विहिरीच्या बाजूला उभा होता. वसंतरावांनी माझी ओळख करून दिली. त्या ओळखीतला एकही शब्द माझ्या आयुष्याशी जुळत नव्हता. मग मी उठलो आणि खरं ते सांगितलं. खनिज तेल कसं असतं, रॉकेल कसं बनतं, आणि हे तेल जमिनीत तयार झालेलं नसून कुणीतरी साठवलेल्या डब्यांतून गळत आहे, हे सगळं सावकाश सांगितलं. एक शेळी पारावर चढून माझा गमछा खाऊ लागली तरी कुणी तिला हाकललं नाही. पाटलांचा चेहरा उतरला. हॉटेलवाला न्हावी नकळत आपल्या हजामतीच्या पेटीकडे पाहू लागला. गोमाजीने मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. त्या माणसांची मला खरोखर दया आली, आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या बायकांच्या रिकाम्या घागरींकडे मला पाहवेना.

मग कौसल्याबाई पुढे आल्या.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "तुमच्या पुन्यात कापूस होते का?"

"नाही," मी म्हटलं.

"संत्रं?"

"नाही."

"मंग आमच्या जमिनीत काय होते न काय नाई, ते तुमाले काय मालूम?"

दोघं-तिघं हसले. कौसल्याबाई माझ्याकडे पाठ करून गावाकडे वळल्या.

"हे मास्तर म्हनते का जमिनीतलं तेल काळं असते. असन त्यायच्या तिकडं. आपली जमीन कशी हाय? काळी. तिच्यातून कापूस कसा निघते?"

"पांढरा," गावाने उत्तर दिलं.

"मंग काळ्यातून पांढरा कापूस निघते, त साफ राकेल काऊन नाई निघन?"

मी शास्त्रावरची बरीच व्याख्यानं ऐकली आहेत. श्रोते इतक्या लवकर पटलेले कधी पाहिले नाहीत. सगळा पार हसू लागला. सर्वांत आधी भिकमचंद शेठ उठून उभे राहिले आणि भरल्या आवाजात म्हणाले, "बाई एकदम बराबर बोली. प्रोफेसरसाहेब किताब का बोलते. जमीन की बात जमीनवालेच जाने." डबे, गळणं, साठवणं हे शब्द पुन्हा कुणी उच्चारू नयेत म्हणून त्यांनी सगळ्या सभेला चहा सांगितला. पाटलांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. ते मला समजावू लागले, "तुमच्याकडची जमीन लाल हाय ना मास्तर? मंग तुमच्या इथं कधी निघालं त लाल निघन." मी वसंतरावांकडे पाहिलं. तेही मान डोलवत होते. नंतर मला म्हणाले की सरकारी माणसाला बहुमताच्या बाहेर जाता येत नाही.

ठरल्याप्रमाणेच सगळं झालं होतं. तरी मला राग आला. मी खरं बोललो होतो आणि हॉटेलवाला न्हावी मला लाल तेलाबद्दल विचारत होता. कान तापले, धोतराला रॉकेलचा वास, गमछा शेळीने खाल्लेला. त्या रात्री पाटलांकडे रोडगे होते पण तूप वाढायला शेठ आले नाहीत. त्यांना बहुधा गोदामाची जागा एकदा नीट पाहून यायची असावी.

निघताना

सकाळी गोमाजीने बंडी पाराजवळ उभी केली. बैलांना पाणी दाखवायचं होतं. विहिरीवर बायकांची गर्दी होती, गावातल्या आणि बौद्धवाड्यातल्या. कौसल्याबाईंनी मला पाहिलं, आपल्या बादलीतलं पाणी तांब्यात ओतलं आणि बंडीपाशी घेऊन आल्या. वसंतराव शिंप्याकडे सदऱ्याचं माप द्यायला गेले होते.

"रागावले त नाई ना मास्तर?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"काल रागावलो होतो," मी म्हटलं. पाणी प्यालो. पाणी खरोखर गोड होतं. "पण डबे रिकामे झाले, तेल यायचं थांबलं, की मग?"

"म्हनीन का रुसलं. परत येईन. गाव वाट पाहीन. ज्या गावाले तेलाची आशा हाय ते गाव आमच्याशी बिगाडत नाई."

"असं किती दिवस चालेल?"

"त्यायचं मन बदलन म्हनून वाट पाहत बसलो असतो, त तहानेनं मेलो असतो," त्या म्हणाल्या. "माही सासू अशीच वाट पाहत मेली."

इतकी वर्षं ज्यांनी पाणी दिलं नाही त्यांचा राग येत नाही का, असं काहीतरी मी विचारलं.

"येते ना," कौसल्याबाई म्हणाल्या. "पन पानी भरून झाल्यावर."

तेवढ्यात विहिरीवरून पाटलीणबाईंचा आवाज आला.

"कौसल्याबाई, गोष्टी मंग करजो. दोर सोड. माहा नंबर हाय."

कौसल्याबाई तांब्या माझ्या हातात तसाच ठेवून झपाझप परत गेल्या.

"तुमचा नंबर कोठून आला? माही घागर आधीची ठेवेल हाय."

"कोठी हाय?"

"डोळे असन त दिसन."

पाटलीणबाईंनी दोर धरला. कौसल्याबाईंनी तोच दोर चार बोटं वर धरला. दोघीही ओढू लागल्या, दोघींचे आवाज चढले, एकीने दुसरीच्या माहेराचा उद्धार केला, दुसरीने पहिलीच्या सुनेच्या स्वयंपाकाचा. बाकीच्या बायका आपापल्या घागरी सावरून बाजूला झाल्या आणि ऐकत उभ्या राहिल्या. मी घाबरलो. सगळं आता इथेच मोडतं की काय असं वाटून मी बंडीतून उतरायला निघालो.

गोमाजीने मला हाताला धरून खाली बसवलं आणि बैलांना हाक दिली.

"बसा जी," तो म्हणाला. "रोजचंच हाय हे."